दहा मिलिलिटर पाणी

दुपारी अडीच वाजता प्रयोगशाळेच्या खिडकीवर एक नळी आली. तळाशी जेमतेम दीड मिलिलिटर पाणी, नळाच्या पाण्यासारखं नितळ. चिठ्ठीवर पाणी काढल्याची वेळ होती सकाळी नऊ. मधले साडेपाच तास ती नळी वॉर्डातल्या ट्रेमध्ये उभी होती, कारण वॉर्डबॉयची पुढची फेरी दुपारची होती. सोबतच्या कागदावर एवढंच लिहिलेलं: ‘स्तनाचा कर्करोग, सहा वर्षांपूर्वी ऑपरेशन. डोकेदुखी. पेशी?’ मी ते पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, स्लाइडवर पेशींचा ठिपका घेतला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली लावला. चार-दोन लिम्फोसाइट, म्हणजे साध्या पांढऱ्या पेशी, दिसल्या. बाकी फुटलेल्या, ओळख पुसली गेलेल्या पेशी. रिपोर्टात लिहिलं, ‘घातक पेशी आढळल्या नाहीत.’ तीन आठवड्यांनी त्याच बाईंचं पाणी पुन्हा आलं, या वेळी भरपूर आणि ताजं. स्लाइडवर जिकडे पाहावं तिकडे कर्करोगाच्या पेशी होत्या.

माझा पहिला रिपोर्ट शब्दाला खरा होता. पण घरच्यांनी तो ‘मेंदूत कॅन्सर नाही’ असा वाचला. त्यात त्यांची चूक नव्हती. तसा तो वाचला जाईल हे मला कळायला हवं होतं. ते तीन आठवडे हातचे गेले आणि तेवढ्यात बाईंचे पाय गेले. पॅथॉलॉजीत तीसेक वर्षं काम केलं, हजारो स्लाइड पाहिल्या, पण ती नळी डोक्यातून गेली नाही. मेंदूच्या आवरणात पसरलेला कर्करोग ओळखायचा कसा, त्यासाठी आज हाताशी काय काय आहे आणि तरी तो का हुकतो, याचा आढावा घ्यायचं तेव्हापासून मनात होतं. एवढ्या वर्षांनंतर माझं मत असं झालं आहे की निदान हुकतं ते यंत्र नसल्यामुळे क्वचित. ते हुकतं पाणी कमी काढल्यामुळे, नळी उशिरा पोचल्यामुळे, तपासण्यांचा क्रम उलटा झाल्यामुळे आणि रुग्णाचं बोलणं तुकड्यातुकड्याने ऐकल्यामुळे.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन आवरणं असतात. सगळ्यांत बाहेरचं, चिवट, ते दृढतानिका. त्याच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं जालतानिका. आणि मेंदूच्या घडीघडीत, खाचाखाचांत चिकटून उतरलेलं ते मृदुतानिका. आतल्या दोन आवरणांच्या मधल्या जागेत एक द्रव खेळत असतो. डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात, घरोघरी त्याला ‘मणक्यातलं पाणी’ म्हणतात. मोठ्या माणसात ते एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतं. रोज सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार होतं आणि तितकंच रक्तात शोषलं जातं. म्हणजे दिवसातून तीनदा तरी सगळं पाणी बदलतं. कर्करोगाची पेशी रक्तातून, नसांच्या मुळांवरून सरकत किंवा मेंदूतल्या आधीच्या गाठीतून या जागेत उतरली की पाणी तिला मेंदूच्या माथ्यापासून कमरेच्या तळापर्यंत कुठेही नेऊ शकतं. मेंदूतल्या गाठीला कड असते, ती मोजता येते, कधी कधी काढूनही टाकता येते. आवरणातला पसारा मात्र विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरावं तसा असतो. काही पेशी थर होऊन चिकटलेल्या, काही पाण्यात सुट्या तरंगणाऱ्या. निदानाच्या सगळ्या अडचणी इथूनच निघतात. थर पातळ असला तर एमआरआयला दिसत नाही, आणि पेशी चिकटून बसल्या असल्या तर पाण्यात सापडत नाहीत.

हा आजार नवा नाही. ज्या कार्ल एबर्टचं नाव टायफॉइडच्या जंतूशी जोडलं जातं, त्यानेच १८७० साली फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका रुग्णात आवरणांतला हा पसारा वर्णन केला होता. तेव्हा तो शवविच्छेदनातच कळायचा. जिवंत माणसाच्या कमरेतून सुईने पाणी काढायची पद्धत जर्मनीत कील इथे हाइनरिख क्विंके यांनी १८९१ साली मांडली, आणि मग हे निदान माणूस असताना होऊ लागलं.

आज घन गाठींच्या कर्करोगात साधारण ५ ते ८ टक्के रुग्णांमध्ये हा पसारा ओळखला जातो. शवविच्छेदनांत त्याहून जास्त सापडतो, म्हणजे अनेकांचा न कळताच राहतो. स्तन, फुप्फुस आणि त्वचेचा मेलानोमा हे तीन सगळ्यांत पुढे आहेत, जठराचाही येतो. स्तनाच्या कर्करोगातला ‘लोब्युलर’ प्रकार आवरणाकडे विशेष वळतो. फुप्फुसाच्या कर्करोगात ज्यांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकाचा बदल आहे, त्यांच्यात हे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास नोंदलेलं आहे, आणि भारतातल्या फुप्फुसाच्या अॅडेनोकार्सिनोमात हा बदल साधारण चारांतल्या एकात सापडतो. रक्ताचा कर्करोग आणि लिम्फोमा यांचीही आवरणाकडे वाट असतेच, मात्र तिथे डॉक्टर पहिल्यापासून सावध असतात. आकडा वाढतो आहे याचं कारण एका अर्थाने चांगलं आहे. औषधांमुळे रुग्ण अधिक वर्षं जगतात. पण त्यातली बरीच औषधं मेंदूभोवतीचा रक्ताचा पहारा ओलांडू शकत नाहीत, त्यामुळे अंगातला आजार आटोक्यात असताना आवरणात तो बिनबोभाट वाढत राहतो.

त्या बाईंची पूर्ण हकिगत मला दुसऱ्या रिपोर्टनंतर त्यांच्या मुलीकडून कळली. ती प्रयोगशाळेत खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “मॅडम, आम्ही तीन महिने नुसते दवाखाने फिरतोय.” आधी आईची हनुवटी बधीर झाली. भाकरी चावताना खालचा ओठ आपला वाटेना. दाताच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, दाढ काढली. मग दोन-दोन दिसायला लागलं, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा बदलला. मग कंबर आणि डावा पाय दुखायला लागला, चालताना चप्पल निसटायची, कधी निसटली ते कळायचंही नाही. हाडांच्या डॉक्टरांनी गादी सरकली म्हणून पट्टा दिला. चपलेबद्दल कोणी तरी केमोचा जुना परिणाम असेल असं म्हणालं, आणि तेही अशक्य नव्हतं. सगळ्यांत शेवटी पहाटेची डोकेदुखी आणि उलट्या आल्या. त्या चौघा डॉक्टरांपैकी एकानेही निष्काळजीपणा केला असं मला वाटत नाही. प्रत्येकाने आपल्यासमोरची तक्रार नीट पाहिली. पण हनुवटी, डोळे आणि पाय या तीन तक्रारी एकाच कागदावर कोणी लिहिल्या नाहीत.

आणि या आजाराचा पहिला आणि सगळ्यांत स्वस्त पुरावा तोच आहे. हनुवटीची नस, डोळा वळवणारी नस आणि पायाकडे जाणारी मुळं एकमेकांपासून इतकी लांब आहेत की एका जागच्या एका गाठीने तिन्ही बिघडणं शक्य नाही. त्या तिन्हींना शिवणारी गोष्ट एकच, ते पाणी. म्हणून कर्करोग होऊन गेलेल्या माणसात मेंदू, चेहऱ्याच्या नसा आणि मणक्याच्या नसा या तीन पातळ्यांपैकी दोन पातळ्यांवर एकदम बिघाड दिसला, की आवरणाचा विचार आधी करायला हवा. ऐकायला कमी येणं, चेहरा एका बाजूला ओढला जाणं, आवाज बसणं, लघवी तुंबणं किंवा न कळता होणं, वागण्यात सुस्ती येणं, हे सगळं यात येऊ शकतं. अंथरुणातून उठताना क्षणभर डोळ्यांपुढे अंधार आणि डोक्यात कळ येणं हे पाण्याचा दाब वाढल्याचं लक्षण असू शकतं. बधीर हनुवटी जबड्याच्या हाडातल्या गाठीनेही होते, पण कर्करोगाच्या रुग्णात ती दातांवर ढकलून मोकळं होऊ नये. आणखी एक गोष्ट न्यूरॉलॉजिस्ट मंडळी आवर्जून सांगतात. या रुग्णांत तक्रारी असतात त्यापेक्षा तपासणीत सापडतं जास्त. रुग्ण फक्त डोकं दुखतं म्हणतो, आणि गुडघ्याखाली हातोडी मारली तर पाय उडत नाही. त्यासाठी हातोडी आणि पंधरा मिनिटं लागतात. आपल्या ओपीडीत हातोडी असते.

संशय आला की पहिला क्रमांक एमआरआयचा, आणि तो कमरेतून पाणी काढायच्या आधी. हा क्रम महत्त्वाचा आहे. पाणी काढल्यावर आतला दाब उतरतो आणि त्यानेच आवरणं एमआरआयमध्ये उजळून दिसू शकतात. मग ती उजळणी कर्करोगाची की सुईची हे सांगणं अवघड होतं. शिवाय मेंदूत मोठी गाठ असेल किंवा पाणी तुंबलं असेल तर सुई घालणं जिवावर बेतू शकतं, तेही आधी कळायला हवं. एमआरआय गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन करायचा, आणि मेंदूबरोबर मानेपासून माकडहाडापर्यंत पूर्ण मणक्याचा करायचा. इथे खर्च आडवा येतो, हे मी पाहिलेलं आहे. ‘साधा काढा, फक्त डोक्याचा काढा’ म्हणून सांगितलं जातं आणि नेमक्या साध्या एमआरआयमध्ये हा थर दिसत नाही. पैसे वाचत नाहीत, कारण महिन्याभरात दुसरा काढावाच लागतो. दिसतो तेव्हा तो छोट्या मेंदूच्या घड्यांमधून साखरेचा पाक ओतल्यासारख्या पांढऱ्या रेघेने दिसतो, मेंदूच्या देठाशी निघणाऱ्या नसांवर दिसतो, किंवा मणक्याच्या तळाशी घोड्याच्या शेपटीसारख्या सुटलेल्या मुळांवर मण्यांसारखा दिसतो. चांगल्या हातांतही एमआरआय साधारण चारांतल्या एका रुग्णाला चुकवतो. रक्ताच्या कर्करोगात तर पाण्यात पेशी भरलेल्या असूनही चित्र अगदी स्वच्छ असू शकतं. उलट जंतुसंसर्गात, सारकॉइडोसिसमध्ये, नव्या इम्युनोथेरपीच्या दुष्परिणामातही आवरणं उजळतात. म्हणून चित्र ठळक आणि लक्षणं जुळणारी असतील तर एमआरआयवर बरंच अवलंबून राहता येतं. अंधुक असेल तर पाण्याला पर्याय नाही.

पाणी काढायचं म्हटलं की घरात कालवाकालव होते. ‘मणक्यातलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की त्याचं उत्तर इथे सविस्तर द्यावंसं वाटतं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधून जाते. तिथे फक्त पाण्यात लोंबणारी मुळं असतात, आणि ती सुईपुढून बाजूला सरकतात. लुळेपणाची समजूत पडली त्याचं कारण बहुधा असं, की ज्यांचं पाणी काढतात ते मुळातच मेंदूच्या गंभीर आजाराचे रुग्ण असतात. पुढे जे होतं ते आजाराने होतं, नाव सुईचं येतं. डोकं दुखू शकतं, काहींचं दोन-चार दिवस बरंच दुखतं. कापत न जाणाऱ्या बोथट टोकाची सुई वापरली तर ते कमी होतं. प्लेटलेट फार कमी असतील किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर थांबावं लागतं. आणि ‘इतकं पाणी काढू नका’ म्हणणाऱ्यांना मी हिशेब सांगायचे. दिवसाला ५०० मिलिलिटर म्हणजे तासाला सुमारे २०. दहा मिलिलिटर काढलं तर ते अर्ध्या तासात भरून येतं.

हे दहा मिलिलिटर कुठून आलं? १९९८ साली मायकेल ग्लँट्झ आणि सहकाऱ्यांनी, पेशी असूनही तपासणीत का सापडत नाहीत याचा पाठपुरावा करणारा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष इतके साधे होते की मी ते हाताने लिहून भिंतीवर लावले होते. किमान साडेदहा मिलिलिटर पाणी घ्या. लगेच तपासा. जिथे आजार असल्याचा संशय आहे त्याच्या जवळून घ्या. पहिल्यांदा काही सापडलं नाही तर पुन्हा घ्या. त्याच्याही आधी, १९८२ साली, न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून जेरोम पोस्नर यांच्या गटाने ९० रुग्णांचा अनुभव मांडला होता. पहिल्या वेळी त्यांच्या ५४ टक्के रुग्णांच्या पाण्यातच पेशी मिळाल्या. पुन्हा पुन्हा पाणी तपासल्यावर आकडा ९१ टक्क्यांवर गेला. म्हणजे जवळपास निम्म्या रुग्णांना पहिल्या खेपेला ‘आढळल्या नाहीत’ असा कागद मिळाला होता, आणि आजार सगळ्यांनाच होता.

लगेच तपासा याचा अर्थ काय, तेही सांगते. या पाण्यात प्रथिनं फार थोडी असतात. शरीराबाहेर आल्यावर पेशींना त्यात तग धरता येत नाही. त्या फुगतात, फुटतात, केंद्रक विरघळल्यासारखं होतं. युरोपातल्या न्यूरो-ऑन्कॉलॉजी आणि ऑन्कॉलॉजीच्या संघटनांच्या, म्हणजे ईएएनओ आणि ईएसएमओच्या मार्गदर्शक सूचनांत अर्ध्या तासाच्या आत नमुना हाताळावा असं आहे. माझी ती नळी साडेपाच तास उभी होती. स्लाइडवर ज्या ओळख पुसलेल्या पेशी मी पाहिल्या त्यांतल्या किती कर्करोगाच्या होत्या, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

पेशी नीट मिळाल्या तर मात्र त्यांची साक्ष पक्की असते. होकारार्थी रिपोर्ट फार क्वचित खोटा ठरतो. नकारार्थी रिपोर्टला तितकं वजन नाही, आणि हा फरक कागदावर उमटला पाहिजे. पुढे मी रिपोर्टखाली नेमाने दोन ओळी जोडत गेले: किती मिलिलिटर आलं, किती वेळाने आलं, आणि नमुना अपुरा असल्यास पुन्हा पाठवावा. ‘संशयास्पद’ हा तिसरा शेराही खुशाल वापरावा. पाण्याची बाकीची तपासणी आधार देते: प्रथिनं वाढलेली, साखर उतरलेली, पेशींची संख्या चढलेली, सुई लावताच मोजलेला दाब जास्त. त्यातलं एकही लक्षण कर्करोगाचं स्वतःचं नाही. पण चारही आकडे अगदी सरळ असतील तर या निदानाबद्दल पुन्हा विचार करावा. दाब मोजायला एक काचेची नळी आणि दोन मिनिटं लागतात, आणि तेच बहुतेक वेळा राहून जातं.

इथे आपल्या देशातला मोठा पेच येतो. साखर उतरलेली, प्रथिनं चढलेली, लिम्फोसाइट वाढलेल्या, डोळ्याची नस गेलेली, मेंदूत पाणी तुंबलेलं, ही सगळी ओळ वाचली की आपल्याकडच्या कुठल्याही डॉक्टरच्या तोंडून पहिला शब्द येतो टीबी. तो यायलाच हवा. मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग आपल्याकडे सर्रास आहे, तो मारतो, आणि उपचार लवकर दिला तर बरा होतो. म्हणून पुरावा हाती यायच्या आधी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करतात, आणि ते योग्यच आहे. अडचण त्यानंतर होते. एकेटीबरोबर स्टेरॉइड दिलं जातं. स्टेरॉइडने सूज उतरते, डोकं हलकं होतं, रुग्ण उठून बसतो, आणि ‘टीबीच होता, औषध लागू पडलं’ असं सगळ्यांना वाटतं. कर्करोगाच्या थराभोवतीची सूजही स्टेरॉइडने उतरते. लिम्फोमा असेल तर पेशीच काही काळ गायब होतात. दोन-तीन आठवड्यांनी स्टेरॉइड कमी केलं की आजार परत डोकं वर काढतो.

असा एक मुलगा आठवतो. पंचविशीतला, कर्करोगाचा काही इतिहास नाही, दीड महिना एकेटीवर. टीबीसाठीच्या तपासण्यांत सीबीनॅट निगेटिव्ह, कल्चर निगेटिव्ह, एडीए किंचित चढलेलं. पाणी तिसऱ्यांदा काढलं तेव्हा निवासी डॉक्टर मुलीने स्वतःहून दहा मिलिलिटर वेगळं काढून माझ्याकडे आणलं. ती दाराशी उभी राहिली आणि मी स्लाइड लावली. लिम्फोसाइटच्या गर्दीत एक मोठी पेशी होती, आत फिकट द्रवाचा फुगा, आणि त्या फुग्याने केंद्रक पार कडेला ढकललेलं. खड्याच्या अंगठीसारखी दिसते ती. एक दिसली की नजर बसते. मग दुसरी, पाचवी, दहावी. ही पेशी बहुतेक वेळा जठराचा पत्ता देते. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीने जठर पाहिलं आणि मूळ गाठ तिथे होती. काही रुग्णांत कर्करोगाची पहिली खूण आवरणातच उमटते, हे पुस्तकात वाचलेलं होतं. त्या दिवशी ते काचेवर पाहिलं.

दोन्ही आजार वेगळे ओळखायच्या काही खुणा आहेत. ताप आणि घाम टीबीकडे झुकवतात. टीबीत मेंदूच्या तळाशी जाड उजळणी दिसते, कर्करोगात छोट्या मेंदूच्या घड्या आणि मणक्याचा तळ जास्त धरला जातो. पण या खुणांवर विसंबू नये. केमोने प्रतिकारशक्ती उतरलेल्या माणसाला दोन्ही एकदमही होऊ शकतात. सीबीनॅट निगेटिव्ह आल्याने टीबी नाही असं ठरत नाही, जसं माझ्या निगेटिव्हने कर्करोग नाही असं ठरत नाही. गंमत नाही, खरंच सांगते: दोन्ही आजारांत तपासणी सुधारायचा उपाय एकच आहे, पाणी भरपूर काढणं. टीबीचे जंतूही या पाण्यात विरळ असतात आणि मोठा नमुना फिरवला तरच हाती लागतात. जंतू सिद्ध झालेला नाही आणि रुग्ण एकेटीवर खालावतो आहे, अशा प्रत्येक वेळी पाणी पेशींसाठी पुन्हा पाठवावं, असं मला आग्रहाने वाटतं.

नव्या तपासण्यांकडे आता वळते. रक्ताच्या कर्करोगात आणि लिम्फोमात फ्लो सायटोमेट्रीने मोठाच फरक पाडला. पेशींना चमकणारी प्रतिद्रव्यं चिकटवून एकेक पेशी लेझरपुढून सोडतात, त्यामुळे डोळ्याला साध्या लिम्फोसाइटसारखी दिसणारी घातक पेशी वेगळी काढता येते. घन गाठींसाठी तशीच एक पद्धत आली, ज्यात पेशींच्या अंगावरच्या एपकॅम नावाच्या प्रथिनाला चुंबकी कण लावून त्यांना ओढून घेतात. २०१७ साली स्लोन केटरिंगनेच ९५ रुग्णांवर ती तपासली. मिलिलिटरमागे एक पेशी ही सीमा धरली तेव्हा ९३ टक्के आजारी सापडले आणि निरोगी आवरणांपैकी ९५ टक्के बरोबर वेगळी निघाली. नेहमीच्या स्लाइडहून हे खूप पुढचं आहे. तिची मर्यादा अशी की एपकॅम नसलेल्या पेशी, उदाहरणार्थ मेलानोमाच्या, त्या गळातून सुटतात.

पण मला सगळ्यांत जास्त हलवून गेलं ते डीएनए तपासण्याचं तंत्र. आम्ही नळी फिरवायचो, तळाशी बसलेल्या पेशी घ्यायचो आणि वरचं नितळ पाणी बेसिनमध्ये ओतून द्यायचो. आता कळतं की मरणाऱ्या कर्करोगी पेशींच्या डीएनएचे तुकडे त्या वरच्या पाण्यातच असतात. मेंदूभोवतीच्या पहाऱ्यामुळे ते रक्तात फार थोडे उतरतात, म्हणून रक्ताच्या तपासणीत न दिसलेला बदल इथे दिसतो. पेशी सापडली नाही तरी कर्करोग आहे हे त्यावरून कळू शकतं, आणि कोणतं औषध चालेल हेही, कारण आवरणातल्या आजाराचे जनुकीय बदल मूळ गाठीहून वेगळे असू शकतात. आपल्याकडे ही सोय अजून मोठ्या शहरांतल्या मोजक्या प्रयोगशाळांपुरती आहे आणि स्वस्त नाही. तरी फिरवल्यानंतरचं वरचं पाणी फेकू नये, गोठवून ठेवावं, एवढं कुठल्याही जिल्ह्याच्या गावी करता येईल. तीस वर्षांत मी किती ओतून दिलं याचा विचार आला की हात थांबतो.

हे सगळे पुरावे एकत्र मांडायची एक चौकट २०१७ साली ईएएनओ-ईएसएमओने दिली आणि २०२३ साली सुधारली. पाण्यात किंवा बायोप्सीत पेशी मिळाल्या तर पहिला प्रकार, फक्त लक्षणं आणि एमआरआयवर निदान असेल तर दुसरा. आणि चित्रात रेघा, गाठी, दोन्ही किंवा काहीच नाही यावरून त्यांचे पोटभाग. निदान पक्कं, बहुधा किंवा शक्य अशा तीन पायऱ्यांवर सांगायची मुभा त्यात आहे, आणि ती मला मोलाची वाटते. ‘बहुधा’ या पायरीवरही उपचार सुरू करता येतो. पेशी मिळेपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही.

उपचार आहे म्हणून तर घाई. काहीच न केल्यास हा आजार चार ते सहा आठवड्यांत माणूस नेतो. पूर्वीच्या उपचारांनी दोन-चार महिने मिळत. आता ईजीएफआर बदल असलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात ऑसिमर्टिनिबची गोळी पहारा ओलांडून पाण्यात पोचते, हर२ हे प्रथिन जास्त असलेल्या स्तनाच्या कर्करोगात ट्रॅस्टुझुमॅब थेट पाण्यात देता येतं, आणि काही रुग्ण वर्षाच्या पुढे जातात. डोक्याच्या कातडीखाली बसवायचा ओमाया कप्पा १९६३ साली अयुब ओमाया या पंजाबात जन्मलेल्या शल्यविशारदाने काढला. त्यातून औषधही देता येतं आणि दर वेळी पाठीत सुई न घालता पाणीही घेता येतं. मात्र आजार कमरेशी असेल तर डोक्यातल्या पाण्यात पेशी न मिळण्याचा संभव असतो. मेंदू-मणक्यावर प्रोटॉन किरणांच्या एका छोट्या चाचणीत, २०२२ साली, सरासरी आयुष्य ६ महिन्यांवरून ९.९ महिन्यांवर गेलेलं दिसलं. प्रोटॉनची सोय आता चेन्नईप्रमाणे खारघरलाही आहे. पण यातला कुठलाही उपचार गेलेली ताकद सहसा परत आणत नाही. चालत्या माणसाला तो चालतं ठेवतो आणि अंथरुणावरच्याला बहुतेक वेळा अंथरुणावरच ठेवतो. त्या बाईंच्या तीन आठवड्यांचा अर्थ हा होता. नंतर त्या पाच महिने होत्या, पूर्ण शुद्धीवर, पण खुर्चीत.

तपासण्यांचा पाठलाग कुठे थांबवायचा, हाही या प्रश्नाचा भाग आहे. जो रुग्ण आधीच शेवटच्या टप्प्यात आहे, ज्याला कुठलाही उपचार झेपणार नाही, त्याच्या पाठीत तिसऱ्यांदा सुई घालून मला पेशी सापडली तरी त्याला काय मिळतं? तिथे डोकेदुखी आणि उलट्या थांबवणं, लघवीची व्यवस्था करणं, घरच्यांशी खरं बोलणं याला प्राधान्य हवं. पाणी काढण्याआधी ‘या उत्तराने काय बदलेल’ हे रुग्णाला आणि घरच्यांना विचारणारे डॉक्टर मी पाहिले आहेत, आणि त्यांचे नमुने नेहमी नीट यायचे.

त्या बाईंच्या पहिल्या नळीच्या घटनेनंतर आम्ही आमच्यापुरती एक व्यवस्था लावली. पाणी काढायच्या आधी वॉर्डातून प्रयोगशाळेत फोन यायचा. आम्ही सेंट्रिफ्यूज मोकळं ठेवायचो. वॉर्डबॉयची वाट न पाहता नातेवाइकालाच नळी द्यायची, हातात धरून थेट वर आणायला सांगायचं. माणसं ती नळी मुठीत घेऊन जिने चढून यायची, धापा टाकत, दुसरा हात तिच्यावर झाकण धरल्यासारखा. एका सकाळी असंच एक काका आले. चिठ्ठीवर वेळ होती अकरा वाजून दहा, माझ्या घड्याळात अकरा वाजून एकोणीस. नळी गळ्यापर्यंत भरलेली होती आणि अजून कोमट होती.